अधिछात्रवृत्ती वाढली, पण ती संपल्यावर काय? विद्यापीठातील संशोधकांनी समजून घ्यायच्या गोष्टी

तुम्ही विद्यापीठात जेआरएफ, एसआरएफ, रिसर्च असोसिएट किंवा प्रकल्प सहायक म्हणून काम करत असाल, किंवा तुमच्या घरात असे कोणी असेल, तर गेल्या काही वर्षांत एक चांगली बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली असेल. १ जानेवारी २०२३ पासून संशोधन अधिछात्रवृत्तीचे दर वाढले. जेआरएफ दरमहा ३१,००० रुपयांवरून ३७,००० रुपये झाली आणि एसआरएफ ३५,००० वरून ४२,००० रुपये. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या जून २०२३ च्या आदेशानुसार रिसर्च असोसिएटच्या तीन श्रेणींना अनुक्रमे ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये ठरले. विद्यापीठ अनुदान आयोगानेही (यूजीसी) सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत आपल्या योजनांसाठी जेआरएफ आणि एसआरएफची वाढ लागू केली. एकुलत्या एक मुलीसाठी असलेल्या सावित्रीबाई जोतिराव फुले अधिछात्रवृत्तीचाही त्यात समावेश आहे.

ही वाढ खरी आहे आणि गरजेची होती. मात्र संशोधकाचा संसार केवळ दरावर चालत नाही. पैसे कोणत्या तारखेला येतात, किती वर्षे येतात आणि ते थांबल्यावर पुढे कोणती वाट आहे, हे तीन प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. या लेखात आपण तेच पाहू.

आधी कागदावरचा शब्द बघा

तुमच्या नेमणूक पत्रात नेमका कोणता शब्द आहे? अधिछात्रवृत्ती, मानधन, एकत्रित वेतन की शिष्यवृत्ती? असे कागद मराठीत आणताना आम्हा भाषांतरकारांना या शब्दापाशी दर वेळी थांबावे लागते, कारण प्रत्येक शब्दामागे वेगळे हक्क असतात.

अधिछात्रवृत्ती घेणारा संशोधक नियमांच्या दृष्टीने नोकर नाही. त्याला महागाई भत्ता, बोनस आणि निवृत्तीचे लाभ मिळत नाहीत. म्हणून महागाई वाढली तरी त्याची रक्कम आपोआप वाढत नाही, नवा आदेश निघेपर्यंत थांबावे लागते. २०१४ मध्ये जेआरएफ २५,००० रुपये झाली, २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० रुपये. दोन आदेशांमध्ये चार-पाच वर्षे जातात. २०१४, २०१९ आणि २०२३ या तिन्ही वेळी वाढीसाठी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना निवेदने द्यावी लागली, आंदोलने करावी लागली.

दुसरीकडे, प्रकल्पावर नेमलेल्या सगळ्यांनाच ३७,००० रुपये मिळत नाहीत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या नियमानुसार जेआरएफचा दर मिळण्यासाठी नेट, गेट किंवा केंद्र सरकारच्या विभागांनी घेतलेली राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. ती नसेल तर प्रकल्प सहायकाचा कमी दर लागू होतो. एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसून सारखेच काम करणाऱ्या दोघांच्या रकमेत फरक असतो तो यामुळे.

सगळ्यात मोठी तफावत केंद्रीय विद्यापीठांत दिसते. नेट नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना तिथे दरमहा ८,००० रुपये मिळतात. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ही 'नॉन-नेट' अधिछात्रवृत्ती बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा दिल्लीत यूजीसीच्या कार्यालयासमोर विद्यार्थी दीर्घकाळ ठाण मांडून बसले. त्यानंतर ती सुरू राहिली. पण २०२३ च्या वाढीत ८,००० हा आकडा हलला नाही.

पाच वर्षे आणि सहा वर्षे: गणित जुळत नाही

यूजीसीची अधिछात्रवृत्ती एकूण पाच वर्षांची असते. पहिली दोन वर्षे जेआरएफ, आणि समितीने काम समाधानकारक ठरवल्यास पुढची तीन वर्षे एसआरएफ. पीएच.डी.चे नियम मात्र वेगळे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, पण एकूण मुदत दहा वर्षांपेक्षा जास्त होऊ शकत नाही.

याचा सरळ अर्थ असा, की पाच वर्षांनी पैसे थांबतात आणि प्रबंध बाकी असू शकतो. शेवटचे वर्ष लिहिण्याचे, दुरुस्त्यांचे आणि धावपळीचे असते. अनेक जण नेमके त्याच वर्षी तासिका तत्त्वावर शिकवायला लागतात आणि प्रबंध आणखी लांबतो. महिला संशोधकांच्या बाबतीत ही फट अधिक रुंद आहे. २०२२ च्या नियमांनुसार त्यांना संपूर्ण पीएच.डी. काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते आणि मुदतीत सवलतही आहे. पण प्रबंधाची मुदत वाढली म्हणून अधिछात्रवृत्तीची पाच वर्षे वाढत नाहीत.

महाराष्ट्रात हाच मुद्दा वेगळ्या रूपात समोर आला. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनांत एक मागणी पुन्हा पुन्हा होती: अधिछात्रवृत्ती पीएच.डी.च्या नोंदणीच्या दिनांकापासून द्या. निवड उशिरा झाली तर मधले महिने विनापैसा जातात, काम मात्र नोंदणीपासून सुरू झालेले असते. ज्यांनी हे महिने उधारीवर काढले आहेत, त्यांना या मागणीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पैसे अडकतात कुठे?

यूजीसीची अधिछात्रवृत्ती थेट बँक खात्यात येते. पण ती येण्यासाठी दर महिन्याला तुमच्या संस्थेने कॅनरा बँकेमार्फत चालणाऱ्या पोर्टलवर तुमची उपस्थिती पक्की करावी लागते. हे काम संस्थेतले दोन जण करतात: एक नोंद भरणारा (मेकर) आणि दुसरा ती तपासून मान्य करणारा (चेकर). यातील एक जण रजेवर गेला, बदलला किंवा विसरला, तर रक्कम थांबते. म्हणून उशीर झाल्यावर दिल्लीला पत्र पाठवण्याआधी खालील गोष्टी तपासा:

• तुमच्या विद्यापीठातील मेकर आणि चेकर कोण आहेत, आणि या महिन्याची नोंद मान्य झाली आहे का?
• आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का? खाते बंद किंवा निष्क्रिय नाही ना?
• दोन वर्षे पूर्ण होत असतील तर जेआरएफवरून एसआरएफला जाण्याची समिती वेळेत बसली का आणि तिचा अहवाल पोर्टलवर चढवला का?
• घरभाडे भत्त्यासाठी लागणारा दाखला दिला आहे का? हा भत्ता शहराच्या वर्गानुसार ठरतो. वसतिगृहात राहणाऱ्यांना तो मिळत नाही.

तपासणी झाल्यावरही रक्कम येत नसेल, तर लेखी तक्रार करा. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत शिष्यवृत्ती किंवा आर्थिक साहाय्य देण्यातील दिरंगाई ही स्पष्टपणे तक्रारीची बाब मानली आहे. संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान न झाल्यास १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. तोंडी विनंतीची कुठेच नोंद राहत नाही. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

जे विद्यार्थीही नाहीत आणि कर्मचारीही नाहीत

इथे एक अडचण आहे आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. वरील समिती विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रकल्पावरचा रिसर्च असोसिएट पीएच.डी. संपवून आलेला असतो, त्यामुळे तो विद्यार्थी नसतो. त्याची नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते, त्यामुळे तो विद्यापीठाच्या आस्थापनेवरचा कर्मचारीही नसतो. त्याची तक्रार बहुतेक वेळा प्रकल्प प्रमुखाकडे जाते. तक्रार प्रकल्प प्रमुखाविरुद्धच असेल तर मग जायचे कुठे? शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच हवे असते.

हा पेच कायद्याला सोडवता येणार नाही असा मुळीच नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पाहा. त्यात कर्मचारी या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे की तात्पुरते, कंत्राटी, प्रशिक्षणार्थी असे सगळे त्यात येतात. विद्यार्थिनींसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत. म्हणजे या बाबतीत संशोधक महिला कोणत्याही रकान्यात बसली तरी अंतर्गत समितीकडे जाऊ शकते. एका विषयात जे करता आले, ते नेमणूक, रजा आणि रकमेच्या तक्रारींतही करता येईल. गरज आहे ती नियमात 'संशोधन कर्मचारी' असा स्वतंत्र उल्लेख येण्याची.

नोकरीच्या वाटेवर काय मोजले जाते?

पीएच.डी. झाली की प्राध्यापकी मिळेल, ही समजूत आता तपासून घ्यायला हवी. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणून पीएच.डी. निरुपयोगी ठरली असे नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातील मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना गुण देण्याचा तक्ता आहे. त्यात पीएच.डी.ला ३० गुण आहेत, जेआरएफसह नेटला ७ आणि केवळ नेटला ५. शोधनिबंधांना जास्तीत जास्त १० गुण. अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला दरवर्षी २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, पीएच.डी.नंतरची प्रकल्पावरची वर्षे मोजली जाऊ शकतात, पण त्यासाठी तारखांसह अनुभव प्रमाणपत्र हवे. प्रकल्प संपला की प्रमुख बदलतात, कार्यालय बदलते. प्रमाणपत्र प्रकल्प चालू असतानाच घ्या. दोन, हे गुण फक्त मुलाखतीच्या यादीपर्यंत नेतात. अंतिम निवड मुलाखतीवर होते.

शिकवण्याचा अनुभव नाही म्हणून अडत असेल, तर २०२२ चे नियम तुमच्या बाजूने आहेत. पीएच.डी. करणाऱ्यांना त्यांच्या विषयाशी संबंधित अध्यापन, अध्यापनशास्त्र आणि लेखनाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे कामही देता येते. तुमच्या विभागात हे होत नसेल तर दर सत्रात होणाऱ्या संशोधन सल्लागार समितीसमोर हा विषय काढा आणि इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्या.

नवा निधी आणि जुना प्रश्न

फेब्रुवारी २०२४ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा अमलात आला. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मांडलेल्या अंदाजानुसार पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनासाठी उभे करायचे आहेत, त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून. राज्यांतील विद्यापीठांपर्यंत संशोधन पोहोचवणे हा त्याच्या उद्देशांपैकी एक आहे, आणि देशातले बहुसंख्य विद्यार्थी तिथेच शिकतात.

निधी वाढला की प्रकल्प वाढतील आणि प्रकल्प वाढले की मुदतीच्या नेमणुका वाढतील. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीतच संशोधकाच्या प्रशिक्षणाची, सल्ल्याची आणि प्रकल्प संपल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांची सोय लिहिली गेली, तर त्याचा उपयोग दर वाढवण्याइतकाच होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचे मुख्य लक्ष्य अध्यापक आहेत. तसाच ठोस कार्यक्रम संशोधन कर्मचाऱ्यांसाठी असावा, ही मागणी अवाजवी नाही.

आजच करता येतील अशी कामे

• नेमणूक पत्र, दरमहा नोंदीची प्रत, एसआरएफचा अहवाल आणि अनुभव प्रमाणपत्रे एकाच फाइलमध्ये ठेवा.
• अधिछात्रवृत्ती संपण्याची तारीख आणि पीएच.डी.ची कमाल मुदत शेजारी शेजारी लिहा. मधले अंतर किती महिन्यांचे आहे ते आत्ताच कळू द्या.
• प्रबंध सादर झाल्यापासून तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करायची असते. उशीर होत असेल तर या तरतुदीचा उल्लेख करून परीक्षा विभागाला पत्र द्या.
• रकमेची माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवस आहे.

घरच्यांसाठीही एक शब्द. "अजून किती वर्षे शिकणार?" हा प्रश्न संशोधकाला सणासुदीला हमखास ऐकावा लागतो. तो करतो ते काम आहे, त्याची मुदत ठरलेली आहे आणि त्याचे काही हक्क नियमात लिहिलेले आहेत. ते हक्क त्याच्याइतकेच तुम्हालाही माहीत असतील, तर पुढची तक्रार लिहिताना तो एकटा राहणार नाही.