करार सोळाव्या वर्षी, शाळा मात्र आधीच सुटते

दरवर्षी १५ जानेवारीला अमेरिकी बेसबॉल क्लब डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सोळा वर्षांच्या पोरांशी करार करू लागतात. हे कागदावर! बोली बऱ्याचदा बारा-तेराव्या वर्षीच ठरलेली असते. पिचर, म्हणजे क्रिकेटमधला बॉलर समजा, निवडताना स्पीडगन बघतात. म्हणून कोवळ्या कोपरावर वेगाचा ताण. ‘बुस्कोन’ नावाचा स्थानिक उस्ताद पोराला घडवतो, सांभाळतो आणि बोनसमधून मोठा हिस्सा घेतो. मराठीतली तालीम चालते, उर्दूतली तालीम सुटते. पेद्रो मार्टिनेझ इथलाच, आईबापांना तोच दिसतो. ज्याचा करार होत नाही, तो पोरगा कुठल्या वर्गात परत बसणार? अमेरिकन पोराला मात्र हायस्कूल पूर्ण केल्याशिवाय हेच क्लब ड्राफ्टमध्ये घेऊ शकत नाहीत.