कॅसेटची खरखर आणि दादीचा ‘शीन’

अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या कितीतरी घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात जुन्या कॅसेटी. कुणाच्या निकाहची, कुणी मुशायऱ्यात भरलेली, कुठे दादीने म्हटलेली नात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. त्या तापल्या पत्र्यात फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते. हल्ली मुले या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, हे फार चांगले. पण मग इक्वलायझरच्या पट्ट्या वरखाली करून आवाज ‘साफ’ करायला बसतात. तिथे जरा सांभाळायला हवे.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. इक्वलायझर या आवाजाचे भाग पाडतो आणि प्रत्येक भाग वेगळा कमी-जास्त करू देतो. टेपरेकॉर्डरवरची बास-ट्रेबलची बटणे हेच काम ढोबळपणे करत.

विजेची घरघर ५० हर्ट्झला असते. बाईमाणसाचा बोलण्याचा आवाज त्याच्या बराच वर सुरू होतो. म्हणून ८० च्या खालचे कापले, तरी दादीचे काही जात नाही. कॅसेटची ‘स्स्स’ मात्र वरच्या भागात, ४,००० च्या पुढे जास्त टोचते. नेमके तिथेच आपले ‘सीन’ आणि ‘शीन’ही राहतात. जुन्या टेलिफोनवर ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जाई, म्हणून ‘स’ म्हणालात की ‘फ’, असे पुन्हा विचारावे लागे. खरखर मुळासकट काढायला गेलो, तर दादीची नातही तशीच बोथट होते.

उर्दूत ‘शीन-काफ दुरुस्त असणे’ ही मोठी तारीफ. आज आपली बरीच मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. घरातली जबान कशी होती, हे त्यांना कळेल ते याच आवाजातून. तेव्हा थोडी खरखर राहिली तर राहू द्यावी.

आम्ही सांगू ते एवढेच. कॅसेट लावण्याआधी एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी. उतरवलेली पहिली प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवावी. जे करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. वाढवण्यापेक्षा कमी करावे, तेही तीन-चार डेसिबलच. बास वाढवून आवाज भारदस्त होत नाही, गढूळ होतो.

आणि जे फितीवर उतरलेच नाही, ते कुठलीही पट्टी परत आणत नाही. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. त्या काळच्या तव्यांनी जेवढे धरले, तेवढेच आज आपल्या कानी पडते. आपल्या घरातले बुजुर्ग हयात असतील, तर त्यांचा आवाज आजच मोबाइलमध्ये भरून घ्यावा. खोलीतला पंखा तेवढा बंद करावा.