फुकट फॉर्म भरून देणे म्हणजे चळवळ नव्हे!



महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की सफाळे, पालघर, बोईसर, कुठेही जा, सायबर कॅफेत तीच गर्दी. मुले जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका पुढे करतात, पैसे मोजतात आणि निघतात. अर्ज मुलाचा, पासवर्ड मात्र कॅफेवाल्याच्या वहीत! पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा तीच रांग.

यावर आपण काय करतो? एखादा कार्यकर्ता शंभर अर्ज फुकट भरून देतो आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. त्याच्या कष्टांचा आम्हाला आदर आहे. पण अर्ज भरता येणारी माणसे किती वाढली, हा प्रश्न आम्ही विचारणारच. विद्या एकाच्या हाती आणि बाकीचे त्याच्या दारात, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. आपला माणूस तिथे बसला म्हणून ती समतेची होत नाही.

अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडलाय की समाजकल्याण कार्यालयात, हे ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्यालाच दिसते. ज्याला दिसते तोच जाब विचारू शकतो.

म्हणून आमचे म्हणणे: भरून देऊ नका, भरताना पडदा रेकॉर्ड करा आणि शिकवा. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने हा मार्ग दाखवला आहे. संगणकाचा पडदा आणि त्यावर बोलणारा आवाज, साधारण दहा मिनिटांचा धडा, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आधी संहिता लिहायची, नवशिक्याकडून तपासून घ्यायची, मगच रेकॉर्ड करायचे, ही त्यांची शिस्त आपणही उचलावी.

साधने महाग नाहीत. लॅपटॉपवर 'ओबीएस स्टुडिओ' मोफत मिळते. आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर असतोच. एका व्हिडिओत एकच काम दाखवा: नोंदणी वेगळी, कागदपत्रे जोडणे वेगळे, अर्जाची स्थिती पाहणे वेगळे. कुठे क्लिक केले ते तोंडाने सांगा. व्हॉट्सॲपच्या सूचना बंद ठेवा. आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी, पासवर्ड यातले काहीही पडद्यावर दिसता कामा नये. तिथे रेकॉर्डिंग थांबवा. पाठवण्यापूर्वी व्हिडिओ पूर्ण पाहा. शिकवण्याच्या नादात कुणाचे खाते उघडे पडले तर ती सेवा नव्हे, घात आहे.

"आमची भाषा शुद्ध नाही," असे काही जण म्हणतात. शुद्ध म्हणजे कुणाची? पाड्यावरच्या पोरीला तिच्या बोलीतले "हितं दाब" कळत असेल, तर तेच प्रमाण. अडखळलात तर पुन्हा रेकॉर्ड करा, पण पुस्तकी आवाज उसना आणू नका.

जोतीरावांनी सावित्रीमाईंना शिकवले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली. शिकलेली बाई पुढे शिकवू लागली, म्हणून ती क्रांती ठरली. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले ते कुणाच्या दारात रांग लावण्यासाठी नव्हे.

यंदा प्रत्येक शाखेने शंभर अर्जांऐवजी पाच व्हिडिओ करावेत आणि ते पाहून स्वतः अर्ज भरणारी मुले मोजावीत. सत्कार त्या मुलांचा करू!

जय भीम! जय संविधान!