तारेतली कार्डे

पवनीच्या घरी माळ्यावर आजोबांची तारेला टोचलेली पोस्टकार्डे सापडली. मंडळाच्या बैठकीत ती वाचली. सासरहून आलेल्या आत्याच्या प्रत्येक कार्डात तेच : ‘येथील सर्व क्षेम.’ उघडेच कार्ड ते! आधी तिचे सासरे वाचणार, मग पोस्टमन, मग इथला सगळा वाडा. १८७९ साली पाव आण्यात कार्ड निघाले, गरिबांची सोय झाली, खरेच. पण मनातले लिहायला बाईला बंद पाकीट कोण देणार?

आत्या बाळंतपणात गेली. ते कार्ड तारेत नाही; मरणाचे कार्ड वाचून फाडायची रीत.

मैत्रिणींनो, अशी कार्डे काचेत मढवू नका. चारचौघींत वाचा, आणि गाळलेला मजकूर म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. आत्याच्या बरोबरीच्या दोघी गावात आहेत. आम्ही रविवारी त्यांच्याकडे जातो आहोत.