मधल्या फळीतला क्लायमॅक्स

सुनील छेत्री कोण, हे आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या वाढणाऱ्या काकांनाही माहीत आहे. आता दुसरा प्रश्न. क्लायमॅक्स लॉरेन्स कोण? आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं, तर अकोल्याच्या एका मित्राचं उत्तर आलं, "काहून बे, हे मानसाचं नाव हाय का पिक्चरचा शेवट?"

माणसाचंच आहे, भाऊ. गोव्याचा, १९७९ चा जन्म. साळगावकर, ईस्ट बंगाल आणि मग बरीच वर्षं डेम्पो. भारताकडून दहा वर्षांच्या आसपास खेळला, काही काळ कप्तानही होता. जागा मिडफिल्ड, त्यातही मागची. म्हणजे समोरच्याचा बॉल काढून घ्यायचा, आपल्या माणसाला साधा सरळ पास द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर यायचं. नव्वद मिनिटं हेच. टीव्हीवर गोलचा रिप्ले दहा वेळा दाखवतात, पण गोलच्या चार पास आधी बॉल कोणी हिसकावला, हे एकदाही दाखवत नाहीत. म्हणून अशा खेळाडूंचे पोस्टर आपल्या रूममध्ये लागत नाहीत.

तरी एकदा त्याच्या नावासारखं घडलं. ३० जुलै २००८, हैदराबाद. एएफसी चॅलेंज कप, भारताचा पहिला सामना अफगाणिस्तानशी. नव्वद मिनिटं संपली, स्कोर ०-०. भरपाईच्या वेळेत गोल झाला आणि तो मारला क्लायमॅक्स लॉरेन्सने! पुढे १३ ऑगस्टला दिल्लीत फायनल झाली, भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरवलं आणि छेत्रीने हॅटट्रिक केली. ती हॅटट्रिक सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि असावीच. त्या विजयामुळे १९८४ नंतर पहिल्यांदा भारत आशियाई चषकाला गेला. पण पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानने बरोबरीत रोखलं असतं, तर त्या संघाचा सूर कसा लागला असता, याचा विचार कोण करतो?

२०११ च्या जानेवारीत दोह्याला काय झालं तेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले. आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघतो, "आपल्याले फुटबॉल जमतच नाही." मला हा निष्कर्ष पटत नाही, कारण तो काढणाऱ्याने कधी ग्राउंडकडे पाहिलेलं नसतं.

ग्राउंडची गोष्ट निघाली म्हणून थोडं नॉर्वेला जाऊन येऊ. मार्टिन ओडेगार्ड हाही मिडफिल्डर. २०१४ साली पंधराव्या वर्षी देशाकडून खेळला आणि जानेवारी २०१५ मध्ये रिअल माद्रिदने त्याला घेतलं. सगळ्यांना वाटलं, पोरगा निघाला! पण नंतरच्या सहा वर्षांत तो या ना त्या क्लबला उसना दिला गेला. दोन क्लब नेदरलँड्समधले, एक स्पेनमधला. शेवटी २०२१ मध्ये आर्सेनलला स्थिरावला आणि २०२२ मध्ये तिथला कप्तान झाला. (बॅकलॉगवाल्यांनी ही सहा वर्षं ध्यानात ठेवावीत.) १९९८ नंतर पहिल्यांदा नॉर्वे २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला, तो याच पिढीच्या जोरावर.

नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या घरात. आपल्या अमरावती विभागातले पाच जिल्हे धरले, तर २०११ च्या जनगणनेत १ कोटी १२ लाख माणसं होती. म्हणजे आपण दोन नॉर्वे आहोत! तिकडे बर्फ, इकडे मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन. खेळायला हवामान दोघांनाही वाईटच. ओडेगार्ड लहानपणी ज्या क्लबात खेळायचा तिथलं मैदान खडीचं होतं. पोरांच्या आईबापांनी पैसे घालून तिथे कृत्रिम गवत टाकलं. मला त्या पोराच्या पायातल्या जादूपेक्षा ही वर्गणी मोठी वाटते.

आणि आपलं ग्राउंड? काळी माती. सॉइल मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये जिचा फ्री स्वेल इंडेक्स आपण मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतो, तीच ही माती. पावसाळ्यात बुटाला अर्धा किलो चिकटते आणि एप्रिलमध्ये अशा भेगा पडतात की घोटा आत जातो. त्यात गॅदरिंगच्या मंडपाचे खड्डे. ते कोणी बुजवत नाही. गोलपोस्टच्या जागी दोन चपला आणि दोन विटा. कोल्हापूरकडून आलेल्या पोरांना हे पाहून रडू येतं. त्यांच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियम भरून माणसं सामने पाहतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. अमरावतीलाही खेळाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी आणि व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आला होता!

सर लोक म्हणतात, फुटबॉलने प्लेसमेंट होत नाही. खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही. गोव्यात क्लायमॅक्ससारख्यांचं करिअर झालं ते डेम्पो, साळगावकर अशा खाणवाल्या घराण्यांनी क्लब चालवले म्हणून. २०१२ मध्ये तिथल्या खाणी बंद झाल्या. पाच वेळा देशाचं विजेतेपद जिंकलेला डेम्पो आणि सोबत साळगावकर, हे दोघेही २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. २०२५ मध्ये तर आयएसएलचा हंगामसुद्धा वेळेवर सुरू झाला नाही. तेव्हा कोणी इंजिनिअरिंग सोडून फुटबॉल खेळा, असं मी म्हणत नाही. मी फक्त संध्याकाळचे दोन तास मागतोय. पाचच्या पुढे रूममध्ये पडून मोबाईल घासण्यापेक्षा अकरा जणांनी एकमेकांना पास दिलेले बरे. आणि पास कसा द्यायचा हे आपल्याला शिकायची गरज आहे. आपल्याकडे बॉल मिळाला की प्रत्येक जण रोनाल्डो असतो!

खर्चाचा हिशोब मी सिव्हिलच्या मित्राकडून करून घेतला. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर, ते नकोच. सात-सात जणांचं ६० बाय ४० चं पुरे. २४०० चौरस मीटरवर १५ सेंटिमीटर मुरूम म्हणजे ३६० घनमीटर, साधारण १२७ ब्रास. मधून दोन्ही बाजूंना उतार आणि कडेने चर. मुरमावर पडलं की गुडघे फुटतात हे कबूल, पण घोटे तरी वाचतील. उतार काढायला लेव्हल आणि स्टाफ सर्व्हे लॅबमध्ये आहेतच, तेवढंच एक खरं प्रॅक्टिकल होईल. आठवड्यातले दोन दिवस ग्राउंड मुलींच्या हॉस्टेलला द्यावं. त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नाही.

मुरूम यंदा नाही आला तरी चालेल. पण यंदाच्या गॅदरिंगचा मंडप पार्किंगच्या बाजूला टाकावा, ही विनंती जिमखान्याकडे लेखी दिली आहे. जुने खड्डे आम्ही रविवारी सकाळी सातला बुजवणार आहोत. फावडी काँक्रीट लॅबमधून मिळतील, चहा कोण पाजतो ते पाहू.