चार खाचा, दोन पट्ट्या

मदरबोर्डावर रॅमच्या चार खाचा दिसल्या की चारही भरल्याच पाहिजेत, असे मानणारा एक पंथ आहे. आमचे चिरंजीव त्याच पंथातले. जव्हारला बसून गेम खेळायचे, त्यासाठी बत्तीस जीबी हवी. तीही आठाच्या चार पट्ट्यांत! का? तर पट्ट्यांत रंगीत दिवे असतात आणि रिकाम्या खाचा बोळक्या तोंडासारख्या दिसतात.

अहो, माझा जन्म बँकेच्या काउंटरवर गेला. घरगुती मदरबोर्डाला खाचा चार असल्या तरी खिडक्या दोनच. एकच पट्टी लावलीत, तर एक खिडकी बंद; पेन्शनच्या दिवशी मोखाड्याहून आलेली मंडळी अशा वेळी काय बोलतात, ते मी ऐकलेले आहे. सोळाच्या दोन लावा, दोन्ही खिडक्या सुरू. आणि चार लावल्या तर? खिडक्या दोनच, प्रत्येकीत दोन-दोन कारकून! एकाच तारांवर दोन पट्ट्या आल्या की संदेश गढूळ होतो, म्हणून वेग उतरवावा लागतो. एएमडीने २०२२ च्या रायझन ७००० साठी डीडीआर५ चा अधिकृत वेगच दिलाय: दोन पट्ट्यांना ५२००, चारांना ३६००. कारकून वाढवून काम घटवायचे, हे आमच्या हेड ऑफिसलाही सुचले नसते. निदान लेखी तरी.

व्हिडिओवाल्यांना शंभरावर जीबी लागते, त्यांनी खुशाल चार भराव्यात. गेमवाल्याने उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

नुसते दिवे असलेल्या, आत मेमरी नसलेल्या शोभेच्या पट्ट्याही बाजारात मिळतात. चिरंजीवांना हे चेष्टेने सांगितले, तर म्हणतात, "बाबा, मग त्या दोन घ्या ना!"