चाकाचा बोल्ट तुटतो तो कोणाच्या दोषाने?

शेतकऱ्यांच्या मासिकात मोटारीच्या चाकाविषयी लिहिण्याचा अधिकार एका निवृत्त महसूल कारकुनास कोठून प्राप्त झाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यास उत्तर इतकेच की, बत्तीस वर्षे पंचनाम्यांच्या संगतीत गेल्यामुळे मोडलेल्या वस्तूचे तुकडे आधी जपून ठेवावेत व दोष कोणाचा हे मागाहून ठरवावे, अशी सवय मला जडली आहे. आमच्या घरी मात्र या खेपेस उलट घडले. दोष आधी ठरला, शिक्षाही झाली, आणि तुकडे त्यानंतर पाहण्यात आले.

गेल्या वैशाखात माझ्या पुतण्याची पिकअप गाडी उन्हाळी कांदा भरून येवल्याकडून लासलगावच्या बाजारास निघाली असता विंचूरच्या अलीकडे तिचे मागील डावे चाक डोलू लागले. चालक सावध होता. त्याने वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घेतली. उतरून पाहतो तो पाच बोल्टांपैकी तीन तुटून गेलेले, आणि उरलेल्या दोहोंचे नट शेवटच्या आट्यांवर कसेबसे टिकलेले. आणखी कोस-दीड कोस गाडी चालती तर चाक निखळून समोरून येणाऱ्या एखाद्या दुचाकीवर जाते, आणि मग हा लेख लिहिण्याची वेळ न येता वेगळ्याच कागदांवर सह्या करण्याची वेळ येती. कांदा दुसऱ्या गाडीत भरावा लागला व त्या दिवशीचा लिलाव चुकला. पुतण्याने संतापाच्या भरात ‘गाडी खड्ड्यात घातलीस’ असे म्हणून चालकाचा पंधरा दिवसांचा पगार कापला. चालक काही बोलला नाही. पोटासाठी चाकरी करणारा मनुष्य सहसा बोलत नाही.

हबात अडकून राहिलेले तीन खुंट कारागिराने ठोकून काढले, ते मी त्याजपासून मागून घेतले. त्यांची तुटलेली तोंडे उजेडात धरून पाहिली तेव्हा जे दिसले ते सांगतो. एका खुंटाच्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकाआड एक वक्र रेघा होत्या, आणि त्या सर्व भागावर जुना तांबूस गंज चढलेला होता. उरलेला भाग तेवढा खडबडीत, राखी व ताजा. दुसऱ्या दोन खुंटांवर गुळगुळीत भाग लहान व स्वच्छ, खडबडीत भाग मोठा. आता, खड्ड्याच्या एकाच तडाख्याने जो बोल्ट तुटतो त्याचे तोंड सर्वत्र खडबडीत व दाणेदार दिसते, आणि पुष्कळदा तुटल्या जागी तो ताणून बारीक झालेला आढळतो. वक्र रेघा पडतात त्या हळूहळू वाढणाऱ्या चिरेच्या मुक्कामांच्या होत. गंज चढलेली चीर त्या सकाळची असणे शक्य नाही. ती कित्येक दिवसांपूर्वीची होती. पहिला बोल्ट निकामी होताच त्याचा भार शेजारच्यांवर पडला, आणि ते अल्पकाळात त्याच वाटेने गेले. सारांश, चालकाच्या खड्ड्याचा पुरावा त्या लोखंडावर कोठेही नव्हता.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाविषयी लिहिणे अवश्य आहे. बैलगाडीच्या आखाला जशी खीळ असते, तसा हा बोल्ट केवळ आपल्या जागी उभा राहून चाक धरून ठेवतो, असे आपणांपैकी बहुतेक समजतात. मोटारीच्या चाकाची गोष्ट निराळी आहे. नट आवळल्याने बोल्ट किंचित ताणला जातो, व त्या ताणामुळे रिम हबाच्या तोंडाशी इतक्या जोराने दाबली जाते की, दोहोंमधील घर्षणच चाकास हलू देत नाही. भार वाहतो तो या दाबाने. कडब्याच्या गाडीवरील दोर ताठ असला तर गंजी हलत नाही व दोरही झिजत नाही. सैल राहिला तर प्रत्येक हिसक्यास गंजी सरकते आणि शेवटी दोर तुटतो. बोल्टाचेही तसेच आहे. आवळ गेली की रिम हबावर सूतभर इकडेतिकडे सरकू लागते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास बोल्ट वाकतो व सरळ होतो. पक्कड जवळ नसता कुंपणाची तार आपण कशी तोडतो? इकडून तिकडे वाकवूनच ना? पिकअपचे चाक एका किलोमीटरात सुमारे ४५० फेरे घेते. चाळीस किलोमीटरांच्या बाजारास एक वेळ जाण्यात अठरा हजार फेरे झाले. पोलाद झाले तरी ते किती काळ सोसणार?

मग आवळ गेली कशाने? याचा तपास करता करता मी आमच्याच अंगणात येऊन पोचलो. दसऱ्यास वाहने धुऊन, रंगवून पूजा करण्याची रीत आपल्याकडे आहे, व ती चांगलीच आहे. त्या निमित्ताने पुतण्याने चारही चाके उतरवून रिम्स आतून-बाहेरून रंगविल्या होत्या. रंगाचा जाड थर, तोही पुरता वाळण्यापूर्वी, रिम व हब यांच्यामध्ये सापडला. पुढे भाराखाली तो थर दबला, आणि जेवढा तो दबला तेवढी आवळ कमी झाली. हबाच्या तोंडावर चिकटलेली काळी माती व गंजाच्या पापड्या हेच कार्य करितात. चाक चढविण्यापूर्वी दोन्ही तोंडे तारेच्या ब्रशाने घासून कोरडी व स्वच्छ करावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. रंग लावावयाचा तो बाहेरून, जेथे लोकांस दिसतो तेथे लावावा. जेथे रिम हबास टेकते तेथे व नटाच्या बैठकीवर लावू नये.

याहून मोठी चूक पुढे आहे, आणि तिचा धनी प्रस्तुत लेखक आहे. चाके परत बसविताना ‘नट चांगले आवळा, पान्यात नळी घालून वर उभे राहा’ असे मीच ओट्यावरून सांगितले होते. हा उपदेश गावोगाव होत असतो. त्याचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. समजा, गाडीच्या पुस्तकात नटास ११० न्यूटन-मीटर जोर द्यावा असे सांगितले आहे. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारे २२ किलो वजनाएवढा दाब पुरे. उलट मीटरभर लांबीच्या नळीच्या टोकावर सत्तर किलो वजनाचा गडी उभा राहिला, तर नटावर सुमारे ६८५ न्यूटन-मीटर जोर येतो, म्हणजे सांगितल्याच्या सहापटींहून अधिक! इतक्या ताणाने बोल्ट आपली लवचीकता गमावून कायमचा लांबतो, व लांबलेला बोल्ट पुन्हा पूर्वीसारखी आवळ धरीत नाही. आमच्या गाडीच्या न तुटलेल्या दोन बोल्टांपैकी एकावर नवा नट हाताने फिरविला असता अर्ध्या वाटेवर अडला. तेथे आटे ताणले गेले होते. आटे सुके असता जो जोर सांगितलेला असतो, तोच तेल लावलेल्या आट्यांवर दिल्यास बोल्ट अधिक ताणला जातो, म्हणून ‘पुढे सहज सुटावा’ या हेतूने तेल घालणेही बरे नव्हे.

पुस्तकातील हा आकडा प्रत्येक गाडीचा निराळा असतो. आमच्या गाडीचे पुस्तक इंग्रजीत होते व कोऱ्या पिशवीत तसेच बांधलेले होते. पुतण्याच्या कन्येने, जी बारावीत शिकते, ते मला वाचून दाखविले. लाखो रुपयांची वस्तू विकताना चार पानांची मराठी पुस्तिका देणे गाड्या बनविणाऱ्यांस जड जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या घटनेच्या तीन दिवस आधी याच चाकाचे पंक्चर काढले होते. दुकानदाराने हवेच्या यंत्राने, ज्यास सगळे ‘गन’ म्हणतात, नट क्षणात बसवून दिले. या यंत्राने नट किती आवळला गेला हे चालविणाऱ्यास समजत नाही. कधी फार, कधी अपुरा. तथापि दुकानदारास फार दोष देण्यास मी तयार नाही, कारण त्याच्या हातून चाक निघाल्यानंतरचे काम आपले होते व ते आपण केले नाही. चाक एकदा उतरवून चढविले म्हणजे पहिल्या ८० ते १०० किलोमीटरांनंतर नट पुन्हा एकवार मोजून आवळलेच पाहिजेत. बसलेले भाग त्या अवधीत आणखी दबतात, आणि आवळ उतरते ती याच काळात. डाव्या बाजूस हे अधिक सांभाळावे. सरळ आट्यांचा नट डाव्या चाकावर सुटण्याकडे अधिक ओढ घेतो, असा जुना अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपगाड्यांच्या डाव्या चाकांवर म्हणूनच उलट्या आट्यांचे नट असत, आणि हे ठाऊक नसलेल्या लोकांनी नट सोडविण्याच्या नादात बोल्ट मोडल्याच्या कथा जुने कारागीर अजून सांगतात.

अतिभाराविषयी लिहावयाचे तर पुरावा प्रत्येकाच्या घरातच आहे. बाजार समितीच्या काट्याच्या पावत्या आपण जपून ठेवतो. नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन व भरलेले कमाल वजन, दोन्ही लिहिलेली असतात. या दोहोंतील अंतर म्हणजे आपला हक्काचा भार. पुतण्याच्या मोसमभराच्या पावत्या मी त्याच्यासमोर मांडल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक पावत्या हक्काच्या भाराबाहेर निघाल्या. सातबाऱ्यावर आहे त्याहून अधिक क्षेत्र कोणी मोजून मागितले तर आपण हसतो, पण मोटारीकडून बिनदिक्कत मागतो. अतिभाराने एकट्यानेच बोल्ट तुटले असे मी म्हणणार नाही. सैल झालेल्या चाकास मात्र त्याने लवकर संपविले, हे खास.

बोल्ट तुटण्यापूर्वी गाडी खुणा देते. नटाखालून रिमवर तांबूस रेघा ओघळलेल्या दिसणे, नटाच्या बैठकीभोवती धातू घासून चकाकणे, रिमचे भोक लांबट होणे, हळू चालताना चाकातून ‘कट् कट्’ असा आवाज येणे, ही सारी सैलपणाची लक्षणे होत. आवळता आवळता नट फिरतच राहतो आणि घट्ट होत नाही, असे झाल्यास तो बोल्ट गेलाच असे समजावे. सर्वांत स्वस्त उपाय रंगाच्या डबीत आहे. नट योग्य जोराने आवळल्यावर नटापासून रिमपर्यंत तैलरंगाची एक बारीक रेघ ओढावी. सकाळी गाडीभोवती फेरी मारताना रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

तुटलेल्या बोल्टाच्या दुरुस्तीत आपली काटकसर घातक ठरते. एक तुटला असेल तर त्याचे दोन्ही शेजारी बदलावेत, आणि दोन किंवा अधिक तुटले असतील तर त्या चाकाचे सर्वच बदलावेत. दिसावयास धड असलेल्यांनी तुटलेल्यांचा भार वाहिलेला असतो. भोक लांबट झालेली रिमही टाकावी. नवे बोल्ट त्याच गाडीचे, त्याच मापाचे व त्याच प्रतीचे हवेत. नटाचे तोंड रिमच्या बैठकीशी जुळणारे हवे. निमुळत्या बैठकीवर सपाट नट कधीच धरत नाही. हबात सैल झालेला बोल्ट वेल्डिंग करून बसविण्याची जी चाल पडली आहे ती तर साफ सोडावी. पोलादास दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते, आणि बोल्टाची मजबुती तेथेच संपते. आवळताना एकामागून एक असे वर्तुळाकार न जाता समोरासमोरचे नट धरून, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत, व शेवटची आवळ चाक जमिनीस टेकल्यावर द्यावी.

जोर मोजून देणारा टॉर्क पाना प्रत्येक घरी घेणे परवडणार नाही, हे मी जाणतो. परंतु आपल्या संस्थेने असा एक पाना विकत घेऊन सभासदांस नोंदवहीत सही घेऊन वापरावयास द्यावा, अशी माझी सूचना आहे. ट्रॅक्टरच्या व ट्रॉलीच्या चाकांसही तो कामी येईल. सोबत एक वही असावी, आणि तीत कोणत्या गाडीचे कोणते चाक कधी उतरविले, किती किलोमीटरवर पुन्हा आवळले, एवढे तीन रकाने भरावेत. वही ठेवण्याचे काम मी विनामूल्य करीन.

पुतण्याने खुंट पाहिले, पावत्या पाहिल्या, आणि चालकाचा कापलेला पगार परत दिला. नळीवर उभे राहण्याचा सल्ला कोणाचा होता, हेही मी चालकास सांगितले. ते तिन्ही खुंट कागदात गुंडाळून संस्थेच्या कार्यालयात ठेवले आहेत. ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी यावे. मी तेथे असतो.